मोहरील काकांची बेतवा

मोहरील काकांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कर्कटकाच्या टोकाचे ओरखडे आहेत. बहुतेक नर्मदेच्या आसपास. लोक लॅपटॉपशेजारी पुसायला मऊ फडकं ठेवतात. काका कर्कटक, स्टीलची पट्टी आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली ठेवतात.

अशोका गार्डनमधल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. काकांचे वडील नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले, काका इथेच वाढले आणि पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कागदावर नद्या काढून निवृत्त झाले. मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे या इमारतीत अक्कल असलेली एकमेव व्यक्ती मी, असं त्यांचं मत आहे. मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न एकच, "स्केल बताओ पहले." पाणी थोड्या वेळात येईल म्हटलं, की थोडा म्हणजे किती, स्केल काय? सुनेशी जरा वाजलंय असं तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी सांगितलं, तर त्यांनाही तेच विचारलं. जोशीकाकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तर या माणसाला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवरच्या लढायांचा नाद लागला. लढायांचा म्हणणंही चूकच. जुन्या एका खेळात काका माळव्याचे राजे असतात आणि सगळा खजिना रस्ते आणि पुलांवर घालतात. मग शत्रू त्याच रस्त्यांनी आरामात येतो आणि त्यांचं राज्य घेऊन टाकतो. काकांना त्याचं काही वाटत नाही. पूल टिकला ना, एवढंच ते बघतात.

त्याच कंपनीचा नवा खेळ येणार होता, अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानावरचा. त्याची छोटीशी झलक इंटरनेटवर आली. त्यात एका सरदाराच्या खांद्यामागे मोहिमेचा नकाशा जेमतेम तीन सेकंद दिसत होता. काकांनी ती झलक थांबवून नकाशा ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतला. पुढे दीड वर्ष त्या तीन सेकंदांवर त्यांनी काढलं. भोपाळला स्वतंत्र ठाणं मिळेल की नाही? नर्मदा ओलांडायला उतार होशंगाबादला देतील की हंडियाला? पावसाळ्यात नद्या फुगल्या की फौजा थांबतील का? "बाई, हे लोक भोपाळला ठाणं देऊन राहिले बघा," असं म्हणत ते सकाळीच माझ्या दारात उभे राहायचे. मी डबा भरत असायची.

खेळाच्या शौकिनांची एक चर्चेची जागा असते, तिथे ते आपले अंदाज लिहायचे. ड्राफ्ट्समन या नावाने. तेही सरकारी पत्रासारखे: विषय, संदर्भ, अभिप्राय, आणि खाली 'सोबत: ट्रेसिंग एक'. सगळी तरुण मुलं त्यांना सर म्हणायची. मला आधी हसू यायचं. नंतर मीही रोज चोरून वाचायला लागले.

आणि एक दिवस त्यात मला भयंकर चूक सापडली. काकांनी बेतवा दक्षिणेला वळवून नर्मदेत सोडली होती. बेतवा! आमच्या भोपाळजवळ उगम पावते, उत्तरेला जाते आणि यमुनेला मिळते. माझ्या सातवीच्या मुलींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. म्हातारपण आलं काकांना, असं वाटून वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, खरं सांगते, हात शिवशिवले. मी तिथे खातं उघडलं आणि बेतवेचा सगळा मार्ग गावांसकट लिहून टाकला. शेवटी 'कृपया दुरुस्ती करावी' असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात वर गेले. काका पडद्यासमोर बसले होते. रागावले नव्हते. खरं तर रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, ती चूक मी मुद्दाम केली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक फाइल काढली. त्यात त्या चर्चेतल्या एकाच माणसाची उत्तरं छापून तारखेप्रमाणे लावलेली होती. तो माणूस म्हणजे चिन्मय, त्यांचा मुलगा. बंगलोरला असतो. दोन दिवाळ्यांपूर्वी इथे आला, तेव्हा वडिलांच्या लॅपटॉपवर आपलं खातं उघडं विसरून गेला. काकांनी ते नाव टिपून ठेवलं आणि मग आपलं खातं काढलं. फोनवर चिन्मय गोळ्या घेता ना, एवढं विचारतो. पण नकाशात कुणी चूक केली, की त्याच्याने राहवत नाही. पानभर लिहितो, आणि काका खाली 'चूक मान्य' लिहितात.

चौतीस वर्षांत ज्यांची एक रेघ दुरुस्तीला परत आली नाही, ते काका दीड वर्ष मुलासाठी नद्या वाकड्या काढत होते. आणि बेतवा मी सरळ करून ठेवली होती. चिन्मयने माझ्या उत्तराखाली फक्त 'बरोबर' एवढंच लिहिलं होतं.

मी खाली पाहत म्हटलं, पुसून टाकते. ते म्हणाले, राहू द्या, रेकॉर्डवर आलं. चिन्मयला कळलं नसेल का हे तुम्हीच म्हणून, असं मी विचारलं. "कळलं असेल, तर कळूनही लिहून राहिला न," ते म्हणाले, "विचारलं की बंद होईल."

त्या दिवशीच त्यांनी बाकीचं सांगितलं. बारावीच्या वर्षी चिन्मय रात्रंदिवस कॉम्प्युटरवर असायचा. परीक्षा जवळ आली तशी काकांनी रागाच्या भरात तो कॉम्प्युटर कबाड्याला देऊन टाकला. त्यात पोराने दोन वर्षं खपून केलेला माळव्याचा नकाशा होता. नदी-नाल्यांसकट. काकांनी तो उघडूनही पाहिला नव्हता. चिन्मय भांडला नाही, रडलाही नाही. पुढे इंजिनीअर झाला, आणि घरात कामापुरतं बोलायला लागला.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीने खरा नकाशा जाहीर केला. भोपाळला ठाणं होतं. नर्मदेचा उतार हंडियाला होता. काकांचे खरे अंदाज सगळे बरोबर निघाले आणि पोरांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला. चिन्मयनेही 'अभिनंदन, सर' लिहिलं. आता तर्क करायला काही उरलं नव्हतं, आणि चुकायलाही.

तो रविवार होता. मी वर काकांकडे बसले होते आणि चिन्मयच्या फोनची वेळ झाली होती. माझं मन मला खात होतं, म्हणून मी जरा जोरातच बोलले. म्हटलं, काका, तिथे इतक्या चुका कबूल केल्यात तुम्ही, आज फोनवर ही कॉम्प्युटरचीही एक कबूल करून टाका.

"त्या खऱ्या चुकाच नव्हत्या न, बाई," ते म्हणाले. "त्या कबूल करायला काय लागतं?"

तेवढ्यात फोन वाजला. हो, घेतो गोळ्या, काका म्हणाले. हो, दोन्ही वेळा. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं. मग पाठ ताठ केली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरे चिन्मय," ते म्हणाले, "तो तुझा माळव्याचा नकाशा होता न..."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. काकांनी चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला.

"काही नाही," काका म्हणाले. "तिकडे पाऊस आहे का?"