खेळ तिकडं, लॅपटॉप इकडं

ज्या कामात आपल्याला काहीच करावं लागत नाही, त्या कामाला माणूस हौसेनं तयार होतो. या सनातन सत्यावरच क्लाउड गेमिंग उभं आहे. खेळ दूरच्या कुठल्यातरी मोठ्या यंत्रावर चालतो, तापतं ते यंत्र, वीजबिलही त्याचंच. आपल्या लॅपटॉपनं आलेलं चित्र तेवढं दाखवायचं.

सिडकोतल्या इंद्रजीतरावांना हे फार पटलं. त्यांची लेक श्रेया पुण्यात शिकते. तिनं रविवारी सोबत गाड्यांची शर्यत खेळायला बोलावलं होतं. इंजिनिअरिंग सोडून ती चित्रकलेला गेली, तेव्हापासून बापलेकीची चर्चा "जेवलीस का?" या एकाच विषयावर होऊन सर्वानुमते संपत असे. शर्यतीत बोलावं लागत नाही. इंद्रजीतराव मनापासून हरखले.

लॅपटॉप मात्र श्रेया सहावीत असतानाचा. 'आपले ग्राफिक्स चालणार नाहीत,' असं त्यानं इंग्रजीत, पण नम्रपणे कळवलं. इंद्रजीतरावांनी शास्त्रोक्त उपाय केले. नेटचा वेग वाढवला, रॅम टाकली, खाली पंखा ठेवला. कन्नड गावच्या मेहुण्याच्या सल्ल्यानं लिंबू-मिरचीही बांधली (गुण रॅमइतकाच आला). सगळं तिकडं होतंय तर इकडं अडतंय काय, हे त्यांना कळेना. (धरण भरलं की नळाला पाणी येतं, असं या शहरात कोणी मानत नाही; लॅपटॉपच्या बाबतीत इंद्रजीतराव मात्र मानत होते.)

शेवटी पैठण गेटजवळचा दुकानदार म्हणाला, "अंकल, खेळ तिकडंच चालतो, लेकिन चित्र गाठोडं बांधून येतं. ते सोडायचं काम ग्राफिक्सच्या चिपचं. आता गाठी नव्या तऱ्हेच्या, तुमची चिप जुनी. तिला सुटतच नाय."

"मग चिप बदल की."

"बोर्डालाच जडलेली हाय. निघत नाय."

एका पाहणीनुसार (पाहणी त्यांच्या पत्नी सुरेखा यांनी स्वयंपाकघरातून केली) शंभरातली शंभर जुनी यंत्रं दोष नेटलाच देतात.

रविवारी श्रेयाचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "राहू द्या पप्पा. नुसतं बोलू ना. मी काढलेली चित्रं दाखवू तुम्हाला?"

चित्रं काढून तयार होती. पाठवणार तीच होती. त्यांनी फक्त बघायचं होतं. इंद्रजीतरावांना भरून आलं. पण आलेलं गाठोडं काही सुटेना.

"आवाज तुटतोय गं," ते म्हणाले. "नंतर बोलू." (आवाज खणखणीत येत होता.)

फोन ठेवून ते सुरेखाबाईंना म्हणाले, "लॅपटॉप लई जुना झालाय. त्याला आपण काय करणार?"



वाचकहो, तुमचा लॅपटॉप नवा असेल. अभिनंदन. मग तुम्ही घरी काय कारण सांगता?