चहाआधीची फेरपालट

थोरल्याचा हिशेब सरळ होता: धाकट्याचं नदीकाठचं रान आपल्याकडे येणार, आपलं माळावरचं त्याच्या गळ्यात पडणार, आणि वर भावाचं भलं केल्याचं नाव. चार वर्षं गव्हावर गहू पेरून माळ पार दमला होता, पण ते बोलायची गरज नव्हती.

शेतीखात्याच्या साहेबांचं भाषण आयतंच कामी आलं. "वर्षानुवर्षं तेच ते नको. फेरपालट करा," एवढं साहेब म्हणाले आणि मागच्या बाजूला चहा आला. थोरला उठला. त्याला हवं ते ऐकून झालं होतं.

संध्याकाळी तो धाकट्याच्या दारात हजर. "साहेबच म्हणाले, फेरपालट करा. तुझं रान मी करतो, माझं तू. वर्षभरच."

धाकटा नाही म्हणणार, तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "घ्या की भाऊजी. साहेबांचं कोण मोडणार?"

तिचा हरभरा नदीकाठच्या रानात दोन वर्षं मर लागून उभ्या उभ्या वाळत होता. शिवाय ती चहा पीत नसे. भाषण तिने शेवटपर्यंत ऐकलं होतं.

हरभऱ्यामागून आलेला थोरल्याचा गहू कमरेला लागला. माळावरच्या हरभऱ्याला मर शिवलीही नाही.

"यंदाही हे रान मीच करतो," थोरला म्हणाला.

"करा की."

त्याने पुन्हा गहू पेरला. माळावर हरभरा निघाला होता, तिथे धाकट्याच्या बायकोने गहू घातला. त्याचा गुडघ्याशी पिवळा पडला. तिच्याकडे पोती शिवायला सुतळी पुरेना.

"माझ्या माळाला आता जोर आलाय. परत दे."

"न्या."

नेला, आणि त्यात गहूच पेरला. ओंब्या आल्या त्या बोटभर. तिकडे नदीकाठी हरभरा घाट्यांनी वाकला होता.

"माझ्या रानावर काय केलंस गं?"

"काही नाही. हरभऱ्यामागून गहू, गव्हामागून हरभरा. फेरपालट पिकाची करतात, भाऊजी. रानाची नव्हे."

"मग तेव्हाच बोलायचं ना."

"तुम्ही साहेबांचं नाव घेतलंत. मोठ्यांना उलट कसं बोलू?"

भाषण सगळ्यांना फुकट होतं, चहाही. थोरल्याला मात्र तो कप दोन हंगामांच्या गव्हाला पडला. आणि त्याच्याच म्हणण्याप्रमाणे चहा पाणचट होता.