वीस पावलांवरून

कळंबात उंदीर पडायला लागले तेव्हा सगळ्यांत आधी घर सोडलं ते कल्याणप्पानं. गाव सोडायची दवंडी पिटली जायच्या दोन दिवस आधीच. निजाम सरकारच्या तहसील कचेरीत तो कारकून होता आणि प्लेगानं गेलेल्यांची नावं लिहायचं काम नेमकं त्याच्याकडं आलं होतं. रोज नवी नावं लिहून त्याच्या मनानं असं घेतलं होतं, की एक दिवस आपण सवयीनं आपलंच नाव लिहून मोकळे होणार.

मांजरा नदीच्या अंगाला माळावर त्यानं कडब्याची खोपी घातली. आई नागम्मा, बायको शिवकांता आणि पाच वर्षांची तारामती यांना घेऊन तो तिथं राहायला आला. आठवड्याभरात सगळी पेठ माळावर आली. कचेरीसुद्धा तंबूत आली.

खोपीत कल्याणप्पाचं राज्य सुरू झालं. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं न्हाई. दाणे उघडे ठेवायचे न्हाईत. सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या पाल्याचा धूर. (या धुरानं नागम्माला असा खोकला लागला, की शेजारचे लोक तिलाच भिऊन लांब राहू लागले.) आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, कुणाला ताप आला किंवा गाठ दिसली तर त्यानं पलीकडच्या लिंबाखाली जाऊन राहायचं. मधे राखेची रेघ. रेघेपासून लिंब वीस पावलं. ही पावलं कल्याणप्पानं स्वतः मोजली होती.

शिवकांता हे सगळं मुकाट्यानं करायची. तिची जीभ एकाच गोष्टीनं कडू झाली होती. तीन सालांपासून माकणीच्या भावानं, शरणबसप्पानं, पंचमीला बोलावणं धाडलं नव्हतं. आईबाप गेल्यावर भाऊ बदलला, असं ती म्हणायची आणि डोळ्याला पदर लावायची. तेव्हा कल्याणप्पाला नेमकं बाहेर काहीतरी काम निघायचं.

मग ज्ञानोबा शिंपी गेला. सोमवारी त्यानं कल्याणप्पाच्या कोटाला गुंडी लावून दिली, मंगळवारी तापला, गुरुवारी त्याला नेलं. नाव लिहिताना कल्याणप्पानं अशी शाई सांडली, की त्याच्या वरच्या पेशकारांनी दुसरा कागद दिला. घरी येऊन त्यानं तो कोट काठीनं उचलून जाळला. तो धुतला असता तरी चाललं असतं, असं नागम्मा म्हणाली; पण जळाल्यावर म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना त्याच्या हाताला जांघेत गाठ लागली. सुपारीएवढी. दाबली तर दुखत होती.

ओल्या धोतरानं तो तिथंच दगडावर बसून राहिला. समोर तारामती चिंचोके मांडून खेळत होती. रात्री ती आपल्याच कुशीत झोपली होती, हे त्याला आठवलं. तो उठला, कुणाशी न बोलता रेघ ओलांडून लिंबाखाली जाऊन बसला.

शिवकांताला वाटलं, रुसले. आदल्या दिवशी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. भाकरी घेऊन ती निघाली तसा तो ओरडला, "तिथंच थांब. पुढं येऊ नको."

"एवढं काय मनावर घेता? दुसरी केलीया आमटी."

"आमटीचं न्हाय. गाठ आलीया."

तिच्या हातातलं ताट खाली गेलं. ती रेघेवर पाय टाकणार तोच त्यानं तारामतीची आण घातली. मग ती रेघेपाशी मटकन बसली. शेजारच्या बलभीमला तिनं हाक मारून डॉक्टरांना आणायला पिटाळलं आणि तिथून हलली न्हाई. नागम्मा खोपीच्या दारात गळ्यातल्या लिंगाला हात लावून पुटपुटत राहिली.

डॉक्टर दुसऱ्या माळावर प्लेगाची लस टोचायला गेले होते. यायला दुपार होणार होती. कल्याणप्पाला वाटलं, तोवर आपली वाचा बंद पडेल. ज्ञानोबाची पडली होती. मनात जे आहे ते आत्ताच सांगून टाकावं.

पण नदीकडून वारा सुटला होता आणि मधे वीस पावलं होती. हळू बोललेलं पोचेना. तेव्हा त्यानं आपली पापं बोंबलून सांगायला सुरुवात केली.

पहिल्यांदा त्यानं सांगितलं, की लातूरला सरकारी कामानं गेलो होतो तेव्हा एकदा अंडं खाल्लं होतं. खोपीच्या दारातलं पुटपुटणं थांबलं. मग आजूबाजूच्या खोप्यांतलीही भांडी वाजायची थांबली. भाकऱ्या थापणाऱ्या बायका बाहेर आल्या. कल्याणप्पाचे डोळे मिटलेले होते. त्याला त्यातलं काही दिसलं न्हाई.

"आणि शिवकांता, शरणबसप्पाची पत्रं येत होती. कचेरीच्या पत्त्यावर. म्या फाडून टाकली."

"कोणती पत्रं?"

"पंचमीची. बोलावण्याची."

तिनं बोटांवर सालं मोजली. मग तिनं विचारलं, "तिन्ही सालची?"

"तिन्ही सालची." त्यानं लिंबाला पाठ टेकली. "तू म्हायेराला गेलीस की घर खायला उठतं. वाळलं पान हललं तरी भ्या वाटतं मला."

हे शेवटचं त्यानं सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं, कारण तेव्हाच वारा वाढला.

शिवकांतानं राखेकडं बघत सावकाश म्हटलं, "आधी बरं व्हा. मग बोलू."

कल्याणप्पाला एकदम थंडी वाजून आली. ती तापाची होती का त्या शेवटच्या दोन शब्दांची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

उन्हं कलल्यावर डॉक्टर आले. ते बिनदिक्कत रेघ ओलांडून गेले. ताप बघितला, जीभ बघितली, गाठ दाबली आणि म्हणाले, "पाय दाखवा."

टाच सुजली होती. मधोमध काळा ठिपका. कडबा आणताना बाभळीचा काटा मोडला होता, तो म्या लगेच काढला, असं कल्याणप्पानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा काढला. सुईनं त्यांनी उरलेला काटा आणि पू काढला, पट्टी बांधली. टाच पिकली की जांघेत गाठ धरते. टाच बरी झाली की जाईल.

पहिल्यांदा बलभीम हसला. मग पलीकडच्या खोपीत कुणीतरी. मग हसू माळभर पसरलं. महिन्याभरात लोक हसले नव्हते. आता थांबता थांबेनात. शिवकांता मात्र तोंडात पदर कोंबून रडत होती. तिनं त्याला हाताला धरून खोपीत आणलं, गरम पाण्यानं पाय शेकला, आणि अक्षर बोलली न्हाई. नागम्मानं त्याचं ताट बाहेर मांडलं. अंड्याचं तोंड घेऊन आत यायचं न्हाई, जंगमस्वामी येऊन शुद्ध करतील तेव्हा बघू.

गाठ आठ दिवसांत गेली. शिवकांता बोलेल म्हणून तो रोज जीव मुठीत धरून बसायचा. ती बोललीच न्हाई. फाल्गुनात साथ ओसरली, लोक घरी परतले, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती तारामतीला घेऊन बलभीमच्या गाडीतून माकणीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "दिवा तेवत ठेवा. भ्या वाटणार न्हाय."

महिना झाला. कल्याणप्पानं पत्र टाकलं. मग दुसरं. तिसऱ्यात त्यानं कचेरीतली सगळी विनंतीची भाषा ओतली. उत्तर न्हाई. माकणीकडं साथ गेली की काय, या शंकेनं त्याची झोप उडाली. शेवटी रजा काढून, दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून तो सासुरवाडीला पोचला.

दारात तारामती चिंचोके खेळत होती. शरणबसप्पानं पाय धुवायला पाणी दिलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "भाऊजी, दोन महिने झाले. एक ओळ तरी टाकायची. आमी वाट बघून थकलो."

कल्याणप्पानं तोंड उघडलं आणि आत बघितलं. शिवकांता चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी उलटत ती शांतपणे म्हणाली, "टाकली असतील रं दादा. टपालाचं काय खरं न्हाय अलीकडं. व्हय की न्हाय हो?"

"व्हय," कल्याणप्पा म्हणाला, "लई वाईट झालंय टपाल," आणि पाय धुऊ लागला.