भैय्याजींची कंबर

कांताबाईंची गर्भपिशवी काढायची होती, आणि त्यासाठी भूल कुठली घ्यायची याचा निकाल कामठीच्या त्यांच्या घरात कांताबाई सोडून सगळ्यांनी लावून टाकला होता. डॉक्टरीणबाईंनी साधं सांगितलं होतं, पाठीत सुई देऊन कंबरेखालचं बधिर करू, नाहीतर पूर्ण झोपवू. तुमच्या तब्येतीला दोन्ही चालेल. कांताबाईंना पाठीतलीच हवी होती. पूर्ण झोपवलं आणि जागच आली नाही तर, या धास्तीनं त्यांची झोप आधीच उडाली होती.

पण घरात भैय्याजी होते. हे त्यांचे थोरले दीर. हर्नियाचं ऑपरेशन झाल्यापासून ते स्वतःला निम्मे डॉक्टर समजत आणि पुरत्या डॉक्टरांना मूर्ख.

"पाठीतली सुई घेऊ नको वं कांता," लोडाला टेकून ते म्हणाले. "माही कंबर पाह्य. ऑपरेशनपासून एक बादली नाही उचलली म्या."

ऑपरेशनच्या आधी त्यांनी बादली उचलल्याचंही कोणाला आठवत नव्हतं. पण कांताबाईंचे यजमान रुपराव म्हणजे शेवटी जो बोलेल त्याचे. "भैय्याजी म्हणते तेच करू," त्यांनी मान डोलावली.

"अन् मले काहून नाही विचारत कोणी?"

"तुले काय समजते त्यातलं?" दोघंही एकदमच म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी नागपूरच्या दवाखान्यात भैय्याजी सगळ्यांच्या आधी हजर. एकट्या कांताबाईंवर त्यांचं भागेना, म्हणून कंबरेवर हात ठेवून त्यांनी वॉर्डभर प्रवचन केलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं ऐनवेळी पाठीतल्या सुईला नकार दिला. तिच्या पलीकडची तर चपला घालून घरीच निघाली. तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टर मधुवंती तणतणत आल्या.

"माझ्या पेशंटना कोण घाबरवतंय?"

"घाबरवून नाही राहिलो मॅडम, अनुभव सांगून राहिलो."

"बरं, सांगा. तुम्हाला भूल दिली तेव्हा काय झालं?"

"काय होते? हाताले सुई लावली, तोंडावर मास्क ठेवला, अन् डोळे उघडले ते डायरेक्ट वार्डात! मधातलं काहीच ठाऊक नाही."

"मग तुम्हाला पूर्ण झोपवलं होतं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पाठीत सुई दिलीच नव्हती."

चपला घातलेली बाई फिस्सकन हसली. दुसऱ्या कोणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. भैय्याजींनी फक्त कंबरेवरचा हात बदलला.

"पाह्य गा रुपराव! पूर्ण भुलीनंच कंबर गेली माही. कांताले पाठीतलीच द्या!"

"भैय्याजी बरोबर म्हणते," रुपराव म्हणाले.

कांताबाई खाटेवर उठून बसल्या. "मॅडम, मले पाठीतलीच पाहिजे. अन् हे मी सांगून राहिली, हे दोघं नाही."

ऑपरेशन थिएटरात सुई टोचली, पाय जड झाले, छातीसमोर हिरवा पडदा लागला. कांताबाई टक्क जाग्या होत्या. आयुष्यात एक गोष्ट मनासारखी झाली, म्हणून त्यांना फार बरं वाटलं. तेवढ्यात दाराबाहेरून खणखणीत आवाज आला, "मीच सांगतलं तिले, पाठीतली घे म्हणून! ऐकतच नव्हती!"

पाठोपाठ रुपरावांचा "हो ना!"

"कांताबाई, काही जाणवतंय का?" डॉक्टर मधुवंतींनी विचारलं.

"कंबरेखाली काहीच नाही जी," कांताबाई म्हणाल्या. "पण कानासाठी नाही का एखादी सुई?"