पोपटाला हिरवी झेंडी

आमच्या ओरछा गेट मोहल्ल्यात पिंपळखरे म्हणून एक रिटायर गार्ड राहतो. पोपटाच्या पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी हा माणूस हिरवी झेंडी दाखवतो. खरी झेंडी, आगगाडीची. हसू नका. मी हसलो होतो, तर मला त्याने घराबाहेर उभं केलं. माझ्याच घराबाहेर.

पोपटांचे पंख छाटणं हे त्याचं काम. नोकरी सुटली तसा हा नाद लागला. फुकट करतो. गल्लीत घरोघरी मिट्ठू, त्यामुळे बोलावणं चालूच. "गार्ड साब, हमारे मिट्ठू के पर काट दो." पण बाई कात्री घेऊन आली तरी हा कात्रीकडे बघत नाही. आधी घर बघतो. पंखा फिरतोय का? खिडकीला जाळी आहे का? कढई उघडी का? मांजर कुणाचं? एक गोष्ट चुकली, की "लाइन किलियर नाही जी" म्हणून टोपी सावरत चालता होतो. टोपीसुद्धा गार्डाचीच. मे महिन्यातही डोक्यावरून उतरत नाही. कुणी चहा पुढे केला तर म्हणतो, "ड्यूटीवर चहा नाही."

छाटतो मात्र चांगलं. एकाच बाजूचं कधी कापत नाही. "गाडी कलंडते," म्हणतो. दोन्हीकडची बाहेरची थोडीच पिसं, अगदी सारखी. नवं पीस फुटत असलं तर त्याला हात लावत नाही, त्याच्या नळीत रक्त असतं. आणि निघताना दारातून ओरडतो, "छाटला म्हणून अंगणात नेऊ नका. वारा आला की उडतो!" कुणी ऐकत नाही. तो सांगतोच.

मी रेल्वेच्या लोकोशेडात, इंजिनं दुरुस्त करतात तिथे, फिटर होतो. शाळा नावापुरती, म्हणून बोलतो तसंच लिहितो. आमची मंडळी होळीच्या आधी वारली. मागे तिचा पोपट राहिला, गंपू. तिनेच बोलायला शिकवलेला, हुबेहूब तिचा आवाज काढायचा. ती गेली आणि हा गप्प झाला. त्यात पंख वाढले, खोलीभर भिरभिरायला लागला. मला एकच धास्ती. हा उडाला, की तिचा आवाजही गेला. म्हणून गार्डाला बोलावलं.

आला, आणि घर फेल केलं. पंखा बंद केला तर म्हणे आरसा झाका, पक्षी धडकतो. आरसा झाकला तर खिडकी. तिला जाळी ठोकली. मग स्वयंपाकघरात शिरला आणि झाकणं उचलून बघायला लागला. सगळी भांडी कोरडी.

"मिस्त्रीजी, चूल पेटत नाही वाटतं?"

"पोपटासाठी आलात की माझ्या चौकशीला? बाहेर खातो मी."

"लाइन किलियर नाही जी."

"अहो, चूल बंद असली तर पोपटाला धोका कसला?"

"विचार करून सांगतो," म्हणाला आणि गेला.

मग रोज यायला लागला. रोज नवी खोट. एका खिशात गंपूला मिरची, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेल्या पोळ्या. "जास्त झाल्या," एवढंच. बसा म्हटलं तर बसायचा नाही. मला राग यायचा. पण दुपार कलली की मी दाराकडे बघायचो, हेही खरं.

परवा एकदाचं घर पास झालं. झेंडी दाखवली. गंपूला टॉवेलात धरलं, एकेक पीस उजेडात बघितलं आणि छाटलं. मग हातावरून सोडला. गंपू न कलंडता हळूच जमिनीवर उतरला.

"अप-डाऊन दोन्ही बरोबर," गार्ड म्हणाला, आणि गुडघे धरून खाटेवर बसला. आमच्या घरात पहिल्यांदाच.

ती खाट पाहुण्यांची. मी तिच्यावर बसत नाही. जुनी आहे, बसलं की करकरते. ती करकरली की आमची ही आतूनच आवाज द्यायची, कोण आलंय तेही न बघता.

खाट करकरली. गंपूने मान वाकडी केली.

"बसा हं, चहा ठेवते."

तिचाच आवाज.

पिंपळखरे पोपटाकडे बघत होता. त्याचं लग्न झालं नाही. सारी उमर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने गेली. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"हो वहिनी, ठेवा," तो म्हणाला. "साखर जरा जास्त."

आता वहिनी कुठून ठेवणार? मी आत गेलो. चूल पेटवली. चहाची पूड डब्यात होती, तिनेच भरून ठेवलेली. पाणी उकळायला लागलं तसा बाहेरून गार्डाचा आवाज आला.

"मिस्त्रीजी, पातेल्यावर झाकण ठेवा. पक्षी मोकळा आहे."