राउटरची साठामोजणी

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लेबलकाकांनी घरातलं इंटरनेट दुरुस्त करायला घेतलं. तोपर्यंत ते चालू होतं.

अगदी ठणठणीत होतं असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी परगावच्या लेकीबरोबर रंगीत तालीम केली, तेव्हा तिसऱ्याच मिनिटाला पडद्यावरच्या काकू विणकामाची सुई उगारून जागच्या जागी थिजल्या. चांगलं दीड मिनिट तशाच राहिल्या. लेक पलीकडून म्हणाली की आई, तू कुणाला तरी भोसकायला निघाल्यासारखी दिसतेयस, आणि शिकायला येणारे लोक नवखे आहेत, घाबरतील.

काकूंना हसू आलं नाही. रविवारी पाच वाजता त्यांचा पहिला ऑनलाइन वर्ग होता. चाळीस वर्षं त्यांनी विणलं, पण शिकवायची वेळ आली नव्हती. आता तेवीस अनोळखी माणसांनी नावं नोंदवली होती. पहिला धडा मोज्याची टाच. टाच वळवणं हा मोज्यातला सगळ्यात नाजूक भाग. त्यासाठी काकूंनी दोन महिने खपून अकरा अर्धवट मोजे विणून ठेवले होते, प्रत्येक एका एका पायरीवर थांबवलेला. टेबलावर ते ओळीने मांडले की एखादा पाय हळूहळू जन्माला येतोय असं वाटायचं. त्या घरात फोनवरचं इंटरनेट फक्त बाल्कनीत, तेही कठड्याबाहेर हात काढला तर मिळायचं. म्हणजे सगळी भिस्त टीव्हीच्या फळीवरच्या त्या राउटरवर होती.

"काळजी करू नकोस," काका म्हणाले. "एकतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलंय. अकरा हजार वस्तू होत्या. एक वायसर हरवला नाही. हा तर एकच डबा आहे."

काकू काळजी करायला लागल्या त्या तेव्हापासून.

लेबलकाका हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. निवृत्त झाल्यावर भांडार सुटलं, पण भांडारपाल सुटला नाही. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर चोवीस तासांच्या आत लेबल लागायचं. दारामागच्या छत्रीवर लिहिलेलं होतं: "छत्री. जागा: दारामागे. (कोरडी असल्यास.)" मीठ, साखर, आरसा, कात्री यांची नोंद तर होतीच, पण गेल्या वर्षी जावई चार दिवस राहायला आला तेव्हा तोही लेबलाच्या धास्तीने आपल्या बॅगेकडे पाठ करून झोपत नसे. लेबलासाठी काका स्वतः खळ शिजवायचे आणि वरून पारदर्शक टेप मारायचे. वस्तू झिजून जाईल, लेबल जाणार नाही, असा त्यांचा दावा होता. तो खरा निघाला, आणि तिथूनच प्रकरणाला सुरुवात झाली.

लेकीने फोनवरून सांगितलं की राउटरचं स्वतःचं एक पान असतं, तिथे आत शिरलं की सगळ्या चाव्या हातात येतात. पानाचा पत्ता म्हणजे चार आकडे आणि मधे टिंबं. तो शोधायच्या खिडकीत टाकायचा नाही, सगळ्यात वरच्या पट्टीत टाकायचा. काकांनी तो आधी शोधायच्या खिडकीतच टाकला आणि पंधरा मिनिटं पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका माणसाशी लेखी बोलत बसले. मग पट्टीत टाकला. पान उघडलं. दोन रिकाम्या चौकटी आल्या, एक नावाची आणि एक पासवर्डची.

"ते राउटरच्या खाली लिहिलेलं असतं बाबा," लेक म्हणाली. "कंपनीचा स्टिकर बघा."

काकांनी राउटर उलटा केला. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं: "राउटर. जागा: टीव्हीची फळी, डावीकडे. जबाबदार: मी."

कंपनीचा स्टिकर त्याच्या खाली होता. पाच वर्षांपूर्वी, राउटर घरात आल्याच्या पहिल्याच दिवशी, काकांनी आपलं लेबल नेमकं त्यावर डकवलं होतं, कारण जागा सपाट होती.

साडेतीनला राउटर फळीवरून निघाला आणि स्वयंपाकघरात किटलीच्या वाफेवर धरला गेला. काकूंनी एकदाच विचारलं, "अहो, याला चालतं का हे?" काकांचं उत्तर असं की तो बंद आहे, आणि बंद वस्तूला काहीही चालतं. वाफेपुढे लेबलाने अकरा मिनिटं तग धरला. मग ते सुटलं, पण एकटं सुटलं नाही. कंपनीच्या स्टिकरला मिठी मारूनच सुटलं. दोघांना वेगळं करताना कंपनीची छापील अक्षरं स्टिकरवरून उठून काकांच्या लेबलाच्या पाठीवर आली, तीही उलटी.

त्यानंतर काकूंनी हातातला मोजा खाली ठेवला आणि आरसा धरला. त्या आरशावर "आरसा" असं लिहिलेलं होतं. काका आरशात बघून एकेक अक्षर सांगत होते आणि काकू ते पाटीवर उतरवत होत्या. आठांपैकी सात अक्षरं लागली. शेवटचा आकडा तीन होता की आठ, यावर मतभेद झाला. काका तीनवर ठाम होते. राउटर फळीवर परत लावून चालू केला, तेव्हा आठ निघाला.

चार वाजून दोन मिनिटांनी लेबलकाका राउटरच्या पानावर आत शिरले. त्या क्षणी त्यांचा चेहरा, काकूंच्या शब्दांत, पहिल्या दिवशी भांडाराच्या किल्ल्या मिळाल्या होत्या तेव्हासारखा झाला होता. डावीकडे यादी, उजवीकडे रकाने, खाली तारखा. या जगात आपल्यासारखं कुणीतरी आहे, असं त्यांना वाटलं असावं.

पानाने पहिल्याच ओळीत सुचवलं की पासवर्ड बदला, हा कमकुवत आहे. काकांना तो शब्द झोंबला. कारखान्यातल्या शेवटच्या वर्षीच्या नोंदवहीतली वायसरची सांकेतिक संज्ञा त्यांना तोंडपाठ होती, ती त्यांनी टाकली. पान म्हणालं, मध्यम. त्यांनी त्यापुढे कपाटाचा क्रमांक जोडला. पान म्हणालं, बरा. खण, कप्पा आणि वायसरचं माप जोडल्यावर एकतिसाव्या अक्षराला पान म्हणालं, उत्तम. तेव्हा कुठे काका थांबले. नवा पासवर्ड त्यांनी एका लेबलावर लिहिला आणि लेबल राउटरखाली, मोकळ्या झालेल्या जागी, पक्कं लावलं.

इथे थांबले असते तर वर्ग वेळेवर, ठरल्या जागी झाला असता. पण पानावर एक यादी होती: जोडलेली उपकरणं. यादीत सहा नावं होती.

भांडारपालाला यादी दाखवणं म्हणजे मांजराला लोकरीचा गुंडा दाखवणं. काकांनी बोटांवर हिशेब केला. आपला फोन, हिचा फोन, टीव्ही. ही तीन नावं वाचता येत होती. उरलेली तीन म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, डब्यात सांडलेल्या खिळ्यांसारखी. घरात चौथी वस्तू लॅपटॉप, पण तो काकांनी धरला नाही, कारण त्याच्यावर तर ते यादी बघत होते. मोजणारा स्वतःला साठ्यात मोजत नाही, हा भांडाराचा एकतीस वर्षांचा नियम होता.

म्हणजे तीन घुसखोर. म्हणजे वेग का मंदावतो त्याचं उत्तर. प्रत्येक नावापुढे एक बटण होतं: रोखा.

काकांनी पहिल्याला रोखलं. काही झालं नाही. दुसऱ्याला रोखलं. आतल्या खोलीतून काकूंचा बारीक आवाज आला, "अगं बाई." काकांना वाटलं टाका निसटला असेल. तिसऱ्याला रोखलं, आणि समोरचं पान गेलं. त्याच्या जागी एक वाक्य आलं: या उपकरणाला परवानगी नाही.

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. नियमाप्रमाणे कारवाई झाली होती. फक्त कारवाई करणारा आता फाटकाबाहेर उभा होता.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक टॅब्लेट होता. काकांनी तो कधी पाहिला नव्हता. त्याची पाठ गुळगुळीत होती, कोरी.

"हा कुठून आला?"

"लेकीने पाठवला. वर्गासाठी. दोन महिने झाले."

"मला कसा नाही दिसला?"

"लोकरीच्या पिशवीत असतो," काकू म्हणाल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो, घरात एक तरी वस्तू बिनलेबलाची असावी असं वाटलं हो मला. आता तो बंद का पडला ते सांगा."

काकांनी सांगितलं. शाळेत खडू खाताना सापडलेला मुलगा सांगेल तसं सांगितलं. वाजले होते चार बावीस.

काकूंचा फोन अजून यादीत सुरक्षित होता. त्यावरून पान उघडलं. आता पुन्हा आत जायचं तर एकतीस अक्षरं हवी होती, फोनच्या इवल्याशा कळांवर, काकांच्या जाड अंगठ्याने, आणि टाकलेलं प्रत्येक अक्षर लगेच ठिपका होऊन लपत होतं. पहिल्या वेळी कप्पा चुकला, दुसऱ्या वेळी खण. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर टाकून त्यांनी सवयीने शेवटी पूर्णविराम दिला. चौथ्या वेळी काकूंनी टाकायला घेतलं, काका वाचून दाखवत होते आणि मधेच कपाटाची आठवण सांगत होते. पाचव्या वेळी पान म्हणालं, फार वेळा चुकलात, तीस मिनिटांनी या.

"बरोबर आहे त्याचं," काका नकळत म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर लेबल लावता येण्यासारखी नव्हती.

चार छत्तीस. तीस मिनिटं मोजली तर पाच सहा होत होते. लेकीला पुन्हा फोन गेला. तिने शेवटचा उपाय सांगितला: मागे एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी घालून दहा सेकंद दाबा, सगळं पुसून पहिल्यासारखं होईल. टोकदार वस्तूंची त्या घरात वाण नव्हती. काकूंनी सगळ्यात बारीक सुई काढली आणि राउटरच्या पाठीत अशा निगुतीने खुपसली की शुक्रवारचं लेकीचं वाक्य काकांना आठवलं.

सगळं पुसलं गेलं. घुसखोर सुटले, लॅपटॉप सुटला, टॅब्लेटही सुटला. पण इंटरनेट आलं नाही. पान आता कंपनीने दिलेलं जोडणीचं नाव मागत होतं. ते पाच वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस स्वतः टाकून गेला होता आणि कुणाला सांगून गेला नव्हता. कंपनीच्या फोनवर गोड आवाज म्हणाला की रांगेत तुमचा क्रमांक सतरावा आहे.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी काकू खुर्चीवर बसल्या. अकरा मोजे त्यांनी एकावर एक रचले. "तेवीस जण बसले असतील सुया घेऊन," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

काका उठले, चपला न घालता दोन जिने उतरले आणि खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंची घंटा वाजवली. बाईंचा दवाखाना पुढच्या खोलीत आणि घर मागच्या खोल्यांत होतं. रविवारी दवाखाना बंद असे. काकांनी दारातच सगळं कबूल केलं, वाफेपासून सुईपर्यंत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दात काढायच्या आधी माणसं काय काय कबूल करतात याची त्यांना सवय होती.

"काकूंना घेऊन या," त्या म्हणाल्या. "इंटरनेट माझं वापरा. फक्त काका, तुम्ही माझ्या राउटरकडे बघायचं नाही."

पाचला दोन मिनिटं कमी असताना काकू दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या. बाईंनी पायाने खटका दाबून खुर्ची हवी तेवढी वर घेतली आणि वरचा मोठा दिवा ओढून काकूंच्या हातांवर आणला. तो दिवा अक्कलदाढेच्या मागची फट दाखवायला बनवलेला. त्याच्या उजेडात लोकरीचा एकेक तंतू वेगळा दिसायला लागला. अवजारांच्या तबकात अकरा मोजे ओळीने मांडले. टॅब्लेट धरायला काही नव्हतं, म्हणून तो काकांनी धरला, दोन्ही हातांनी, छातीशी, कोरी पाठ स्वतःकडे करून.

तास पूर्ण झाला. चित्र एकदाही थिजलं नाही. टाच वळवायच्या जागी काकूंनी हात थांबवले, दिव्याखाली धरले आणि म्हणाल्या, इथे घाई नाही करायची, इथे सगळे चुकतात. तेवीसपैकी एकोणीस जणांची टाच पहिल्याच दिवशी वळली. एका बाईंनी लिहिलं की टाके इतके स्वच्छ आजवर कुठे दिसले नाहीत, हा प्रकाश कुठला? दुसऱ्या कुणी विचारलं की मागे तो दातांचा तक्ता का आहे. पुढचे वर्गही तिथेच घ्यावेत असा निरोप एकमताने आला. वर येताना काकू जिन्यात गुणगुणत होत्या. काकांचे हात टॅब्लेट धरून धरून काटकोनात अडकले होते, आणि त्यांची तक्रार नव्हती.

सोमवारी कंपनीने जोडणीचं नाव दिलं. काकांनी राउटर पूर्ववत केला. पासवर्ड दोन्ही, पानाचा आणि वायफायचा, नवे ठेवले, आठच अक्षरांचे, आणि ते काकूंखेरीज कुणालाही सांगितले नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी पान उघडून यादी पाहिली आणि प्रत्येकाच्या नावाच्या चौकटीत नीट नाव घातलं. माझा फोन. हिचा फोन. टीव्ही. लॅपटॉप, म्हणजे मी. टॅब्लेटच्या चौकटीपाशी ते थोडे थांबले आणि ती त्यांनी कोरीच ठेवली.

त्याच्या खाली सहावं नाव होतं. तेच, खिळ्यांच्या डब्यासारखं.

"अगं," काका म्हणाले, "नवा पासवर्ड तू कुणाला दिलास का?"

काकू टाके मोजत होत्या. मोजताना त्या बोलत नाहीत.

बुधवारी सकाळी नऊपर्यंत ते उपकरण जोडलेलंच होतं. काकांनी त्याच्यापुढे "नोंद बाकी" असं लिहून ठेवलं आहे. रोखा हे बटण शेजारीच आहे. त्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही.