आबांनी पारखलेली सायकल

"मारकी तर नही ना?" आमच्या शेजारच्या आबांनी चोपड्यातल्या सायकलवाल्या शेठला विचारलं. शेठ माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागले.

आबांनी जन्मभर बैल पारखले. मागच्या वर्षी मुलाने ट्रॅक्टर घेतला, बैलजोडी विकली आणि आबांना यावलजवळच्या खेड्यातून आमच्या कॉलनीत आणून ठेवलं. तेव्हापासून ते दिसेल ते पारखतात. माझा नवा फ्रिजसुद्धा त्यांनी थोपटून पाहिला होता.

माझ्या सईला पहिली सायकल घ्यायची होती. मामेभावाच्या उंच सायकलवरून आपटल्यापासून सायकलचं नाव काढलं की पोर पलंगाखाली! तरी मी मोठीच बघत होते. पोर काय, वाढणारच.

आबांनी हात आडवा केला. "मोठी कसाले? पयले जनावर गरीब जोयजे. पोरना पाय जमीनले टेकाले जोयजे."

मग त्यांनी शेठला एकेक सायकल दुकानात चालवायला लावली, मागून तिची चाल पाहिली, सीटवर थाप मारली. एक बुटकी लाल सायकल पसंत पडली, तसा त्यांनी उपरण्याखाली शेठचा हात धरला आणि बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच, तोंड न उघडता ठरतो.

"आबा, किंमत चिठ्ठीवर लिहिलीय हो!" शेठ कळवळला. पण भाव उतरल्याशिवाय काही त्याचा हात सुटला नाही.

आठवडाभर रोज संध्याकाळी आबा सीट धरून सईमागे धावले. "घाबरू नको, मी शे ना मांगे!" पाय टेकत टेकत सईची भीती गेली, आणि एक दिवस ती एकटीच कोपऱ्यापर्यंत गेली. मी आनंदाने ओरडले. आबा मात्र रस्त्याच्या मधोमध आपल्या रिकाम्या हाताकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून बैलाची घुंगरमाळ काढली आणि सायकलच्या दांड्याला बांधली. "आवाज उना म्हंजे समजस, आपली घर उनी." म्हणजे घुंगरं ऐकू आली की समजायचं, आपली घरी आली.

आता घुंगरं वाजली की आबा ओट्यावरून उठतात आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाशी उभे राहतात. घामाघूम सई पाणी पिते तेव्हा ते हलकी शीळ घालतात, पाणी पिणाऱ्या बैलांसाठी घालायचे तशी.

काल ते विसरले. सई तांब्या तोंडाशी धरून तशीच थांबली.

"आबा, शीळ घाला ना. मग पिते."